पंधरा सेकंदांचा दारूगोळा

१९४० साली ब्रिटनचं रक्षण करणाऱ्या स्पिटफायर विमानाच्या पंखांत आठ मशीनगन बसवलेल्या असत. प्रत्येक गनला ३०० गोळ्या, म्हणजे एका विमानात २,४०० गोळ्या. एवढा साठा घेऊन माणूस अर्धा तास तरी लढेल असं वाटतं. पण एक ब्राउनिंग गन मिनिटाला साधारण १,१५० गोळ्या झाडायची. आठही गन एकदम सुरू झाल्या की सेकंदाला दीडशेवर गोळ्या बाहेर पडायच्या. आता भागाकार करा. वैमानिकाने बटण दाबून धरलं, तर सोळाव्या सेकंदाला विमान रिकामं.

एका वैमानिकाला एका उड्डाणात देशासाठी जे काही करायचं, ते या पंधरा सेकंदांत.

१० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या ११४ दिवसांत जर्मन हवाई दलाशी झालेली ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ आपण शौर्याची कथा म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण तिचे आकडे मांडून बसलं की मला वाटतं, ही लढाई मुळात वेळेची होती. विशी-बाविशीतल्या पोराला ते पंधरा सेकंद योग्य उंचीवर, योग्य जागी, शत्रूच्या पाठीमागे मिळावेत, यासाठी अख्खा देश एकेक मिनिट गोळा करत होता.

आधी ते सेकंद कसे होते ते पाहू. २० हजार फुटांवर तापमान शून्याखाली पंचवीस अंशांच्या आसपास असतं आणि ऑक्सिजनच्या मुखवट्याशिवाय शुद्ध हरपते. विमान ताशी ४८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर सेकंदाला १३३ मीटर मागे पडतात. अशी दोन विमानं समोरासमोर आली की एक किलोमीटरवरचा ठिपका चार सेकंदांच्या आत अंगावर येतो. पंखांतल्या गनांची तोंडं किंचित आतल्या बाजूला वळवलेली असत, म्हणजे ठरावीक अंतरावर आठही गनांचा मारा एका जागी एकवटे. हे अंतर आधी ४०० यार्ड ठरलं होतं. पहिल्या काही चकमकींतून वाचलेल्यांनी ते २५० यार्डांवर आणून घेतलं. २५० यार्ड म्हणजे जेमतेम २३० मीटर. शत्रूच्या विमानाच्या इतकं जवळ जायचं, दोन सेकंद बटण दाबायचं आणि लगेच वळायचं, कारण तिसऱ्या सेकंदाला आपल्या पाठीमागे कोण आलंय हे कुणालाच ठाऊक नसे. त्या दोन सेकंदांत सुमारे ३०० गोळ्या सुटायच्या आणि त्यांतल्या बहुतेक हवेत जायच्या.

पण त्या २३० मीटरपर्यंत पोचायचं कसं?

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातली खाडी सर्वांत अरुंद जागी ३४ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे चर्चगेट ते बोरिवलीएवढी. ताशी ३२० किलोमीटर वेगाने येणारा बॉम्बर ती सहा-साडेसहा मिनिटांत ओलांडतो. स्पिटफायरला २० हजार फूट चढायला साधारण १३ मिनिटं लागत, ‘हरिकेन’ या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाला त्याहून जास्त. नुसत्या डोळ्यांनी पाहून उडायचं ठरवलं असतं, तर अर्ध्या उंचीवर पोचेपर्यंत बॉम्ब पडून गेले असते. मग सतत आभाळात पहारा का नाही ठेवला? हाही हिशेब करून पाहा. गस्तीवरचं विमान दीड तास हवेत राहतं असं धरलं, तर उन्हाळ्यातल्या १६ तासांच्या उजेडात बारा विमानांची एकच स्क्वाड्रन एकाच जागी सतत ठेवायला सुमारे १२८ उड्डाणं लागतात. आणि किनारा तर शेकडो मैलांचा. कुठल्याही देशाला ते परवडलं नसतं.

या कोड्याचं उत्तर रडारने दिलं. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी डॅव्हेंट्रीजवळच्या शेतात एक गाडी उभी करून बीबीसीच्या रेडिओ लहरी एका हेफर्ड बॉम्बरवर आदळून परत येताना पकडल्या. विमान आठ मैलांपर्यंत टिपता आलं. त्या दिवसापासून पाच वर्षांच्या आत ब्रिटनच्या किनाऱ्यावर ३६० फूट उंचीच्या पोलादी मनोऱ्यांची साखळी उभी राहिली. तिचं नाव ‘चेन होम’. रेडिओ लहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. १२० किलोमीटरवरच्या विमानाला शिवून लहर परत यायला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. तेवढी बारीक वेळ मोजून विमान किती दूर आहे ते कळायचं.

आता मिनिटांची बेरीज करा. रडारवरची खूण ग्रुपच्या, म्हणजे हवाई दलाच्या विभागाच्या, मुख्यालयातल्या नकाशापर्यंत पोचायला सुमारे चार मिनिटं. हुकूम देऊन स्क्वाड्रन जमिनीवरून उठायला आणखी दोन-तीन. वर चढायला तेरा. एकूण वीस मिनिटं. वीस मिनिटांत शत्रूचा बॉम्बर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. म्हणजे रडारला शंभर किलोमीटरपलीकडचं दिसायलाच हवं होतं आणि ते दिसत होतं. त्यात जर्मनांची स्वतःचीच एक अडचण ब्रिटिशांच्या पथ्यावर पडली: जड बॉम्बर फ्रान्सवरच घिरट्या घालत उंची गाठायचे, ताफा जुळवायचे, सोबतीच्या लढाऊ विमानांची वाट पाहायचे. ही सगळी जुळवाजुळव पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी पडद्यावर पाहत होतं.

चेन होमचे मनोरे फक्त समुद्राकडे पाहत. विमान एकदा किनारा ओलांडून आत आलं की रडार आंधळं. तिथून पुढे माणसांचे डोळे आणि कान. ऑब्झर्व्हर कॉर्प्सचे सुमारे ३०,००० स्वयंसेवक साधारण एक हजार चौक्यांवर दुर्बिणी आणि फोन घेऊन बसलेले असत. दुकानदार, शिक्षक, शेतकरी. ‘अमुक दिशेला, अमुक उंचीवर, वीसहून जास्त’ एवढं सांगून फोन खाली. या सगळ्या बातम्या लंडनच्या वायव्येला बेंटली प्रायरीतल्या मुख्यालयात आणि अक्सब्रिजला जमिनीखाली ६० फूट खोल असलेल्या खोलीत यायच्या. तिथे मोठ्या टेबलावर इंग्लंडच्या आग्नेय भागाचा नकाशा असे आणि हवाई दलातल्या तरुण मुली लांब काठ्यांनी त्यावर खुणा सरकवत.

या खोलीतल्या भिंतीवरचं घड्याळ मला सगळ्या यंत्रणेतली सर्वांत हुशार वस्तू वाटते. त्याची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांत विभागलेली होती. बातमी आली त्या क्षणी मिनिटकाटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाची खूण नकाशावर ठेवायची. वर सज्जात बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळायचं की कुठली बातमी ताजी आणि कुठली शिळी. ताशी ३२० किलोमीटरच्या लढाईत पंधरा मिनिटांपूर्वीची बातमी ऐंशी किलोमीटर चुकीची असते. तिच्यावर विसंबून स्क्वाड्रन पाठवली, तर ती रिकाम्या आभाळात पेट्रोल जाळते.

इथून हुकूम सुटायचा. झोपडीवजा खोलीबाहेर खुर्च्यांवर पेंगत असलेले वैमानिक फोन वाजताच धावत सुटायचे. मग रेडिओवरून दिशा मिळायची आणि ‘एंजल्स’ या शब्दात उंची. एंजल्स पंधरा म्हणजे पंधरा हजार फूट. 

ही यंत्रणा उभी करणारा माणूस म्हणजे फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग. तेव्हा त्यांचं वय ५८. स्वभावाने अबोल, वरिष्ठांना नकोसे. १६ मे १९४० रोजी, फ्रान्स कोसळत असताना, त्यांनी हवाई मंत्रालयाला एक पत्र लिहिलं. देशाच्या रक्षणासाठी ५२ स्क्वाड्रन लागतील असं ठरलं होतं; आता उरल्यात ३६. फ्रान्सला आणखी विमानं पाठवत राहिलात, तर तिथल्या पराभवाबरोबर ब्रिटनचाही कायमचा पराभव होईल, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. पंतप्रधान चर्चिल यांची इच्छा मदत पाठवण्याची होती आणि मित्रदेश हाका मारत होता. अशा वेळी ३६ हा आकडा पुढे ठेवून नाही म्हणायला जी छाती लागते, ती माझ्या मते त्या उन्हाळ्यातल्या कुठल्याही हवाई पराक्रमाच्या तोडीची आहे. तरीही फ्रान्सच्या मोहिमेत एकूण साडेचारशेहून अधिक लढाऊ विमानं गेलीच. हे पत्र नसतं तर किती गेली असती?

विमानं भरून निघाली. लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या मंत्रालयाखाली कारखान्यांनी जूनमध्ये ४४६, जुलैत ४९६, ऑगस्टमध्ये ४७६ लढाऊ विमानं बनवली. दिवसाला पंधरा-सोळा. जर्मनीत एका इंजिनाच्या लढाऊ विमानांचं उत्पादन याच्या निम्म्याहून कमी होतं. लोकांनी वर्गण्या काढल्या. पाच हजार पौंड दिले की एका स्पिटफायरला हवं ते नाव मिळे. डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावरून स्पिटफायर उडवणाऱ्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नाव तर ‘हैदराबाद’ होतं आणि तिच्या बोधचिन्हात निजामाचं शिरोभूषण होतं, कारण पैसा निजामाचा होता. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. बीड-परभणीच्या किती लोकांना आपल्या राज्याचं नाव इंग्लंडच्या किनाऱ्यावर लढतंय याची कल्पना असेल?

विमान कारखान्यात बनतं. वैमानिक तसा बनत नाही आणि खरा दुष्काळ तिथे होता. २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या पंधरवड्यात फायटर कमांडचे १०३ वैमानिक मारले गेले आणि १२८ गंभीर जखमी झाले. एकूण बळ होतं सुमारे एक हजाराचं. म्हणजे दोन आठवड्यांत जवळजवळ चौथा हिस्सा गेला. त्यांच्या जागी २६० नवे आले, थेट प्रशिक्षण केंद्रांतून. लढाऊ विमानावरचं शेवटचं प्रशिक्षण चार आठवड्यांवरून दोनवर आणलं होतं. स्पिटफायरवर जेमतेम दहा तास उडलेला मुलगा सकाळी तळावर यायचा आणि दुपारी वर पाठवला जायचा. कधीकधी त्याचं सामान उघडण्याआधीच परत पाठवावं लागे. एका स्क्वाड्रनमध्ये २६ वैमानिक असायला हवेत, तिथे १६ उरले. सोळांनी सव्वीस जणांचं काम करायचं म्हणजे दिवसाला तीन-चार वेळा वर जायचं, आणि तेही रोज.

याच पंधरवड्यात तळांवर मारा झाला. ३० ऑगस्टला बिगिन हिलवर एका हल्ल्यात ३९ जण ठार झाले. फोनच्या तारा तुटल्या की तळ बहिरा होतो, म्हणून बॉम्ब पडत असताना तारा जोडणारे तंत्रज्ञ आणि स्विचबोर्ड न सोडणाऱ्या मुली यांनाही मी त्या लढाईतले सैनिकच मानतो. तिथल्या तिघींना शौर्यासाठी मिलिटरी मेडल मिळालं.

वेळेचा काटा जर्मनांनाही टोचत होता, आणि हे बऱ्याचदा सांगायचं राहून जातं. मेसरश्मिट १०९ हे अप्रतिम विमान होतं, पण त्याच्या टाकीत सुमारे ४०० लिटर इंधन मावायचं. लंडनवर पोचल्यावर लढायला उरायची दहा मिनिटं. त्याहून जास्त थांबलेले कित्येक जण परतीच्या वाटेवर खाडीत पडले. शिवाय इंग्लंडवर पॅराशूट घेऊन उतरलेला जर्मन वैमानिक कैदी व्हायचा. ब्रिटिश वैमानिक उतरला, तर कुणाच्या तरी गाडीत बसून संध्याकाळपर्यंत तळावर परतायचा. बॉम्बर पडला की चार-पाच माणसं एकदम जायची. या लढाईत जर्मनीने अडीच हजारांहून अधिक हवाई सैनिक गमावले.

७ सप्टेंबरला जर्मनांनी तळ सोडून लंडनकडे मोर्चा वळवला. सुमारे ३५० बॉम्बर आणि ६०० हून अधिक लढाऊ विमानं एकाच वेळी निघाली. त्या एका दिवसात आणि रात्रीत चारशेहून अधिक नागरिक मेले. लंडनने मार खाल्ला आणि फायटर कमांडच्या तळांना श्वास मिळाला. शिवाय लंडन म्हणजे शत्रूच्या इंधनाची शेवटची कड.

१५ सप्टेंबरला दिवसभरात दोन मोठे हल्ले आले. चर्चिल त्या दिवशी अक्सब्रिजच्या भुयारात बसून होते. फायटर कमांडच्या ११ क्रमांकाच्या ग्रुपचे प्रमुख कीथ पार्क, हे न्यूझीलंडचे, एकेक स्क्वाड्रन वर पाठवत होते. राखीव काय आहे असं चर्चिल यांनी विचारलं तेव्हा पार्क यांनी काहीच नाही असं सांगितलं. त्या दिवशी १८५ जर्मन विमानं पाडल्याची बातमी जगभर गेली. खरा आकडा साठच्या आसपास. यात लबाडी नव्हती. दोन सेकंद गोळ्या झाडून वळलेल्या माणसाला धूर सोडणारं विमान दिसतं, त्याच विमानावर आणखी दोघांनी मारा केलेला असतो आणि तिघेही प्रामाणिकपणे तेच सांगतात. पण साठ विमानंही पुरेशी होती. दोन दिवसांनी, १७ सप्टेंबरला, हिटलरने ब्रिटनवरची स्वारी बेमुदत पुढे ढकलली.

या विजयाची मर्यादाही सांगायला हवी. दिवसाचे हल्ले थोपवले, पण रात्रीच्या अंधारात लढाऊ वैमानिक जवळजवळ हतबल होते. लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले आणि मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. 

लढणारे किती होते? लंडनमधल्या या लढाईच्या स्मारकावर कोरलेली नावं आहेत २,९३७. त्यांतले ५४४ त्या ११४ दिवसांतच गेले: दिवसाला जवळजवळ पाच, आणि पाचांतला एक. युद्ध संपेपर्यंत आणखी जवळपास आठशे गेले, म्हणजे एकूण निम्म्याच्या जवळ. जे जळले त्यांचा हिशेब वेगळा. हरिकेनची एक टाकी वैमानिकाच्या पुढ्यात होती. ती पेटली की ज्वाळा थेट तोंडावर आणि हातांवर. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकइंडो यांनी अशा तरुणांचे चेहरे, पापण्या, बोटं पुन्हा घडवली. त्यांच्या रुग्णांच्या क्लबात युद्धाअखेर ६४९ सभासद होते. फायटर कमांडमधला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे जेम्स निकल्सन १६ ऑगस्टला पेटलेल्या हरिकेनमध्ये बसूनच शत्रूवर मारा करत राहिले. ते वाचले, पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि २ मे १९४५ रोजी बंगालच्या उपसागरात विमान कोसळून गेले.

त्या २,९३७ जणांमध्ये सुमारे सहाशे ब्रिटिश नव्हते. न्यूझीलंडचे १२७, कॅनडाचे ११२, झेकोस्लोव्हाकियाचे ८८ आणि पोलंडचे १४५. यांतल्या पोल आणि झेक वैमानिकांचे देश आधीच गेले होते. पोलिश ३०३ स्क्वाड्रन ऑगस्टच्या शेवटी लढाईत उतरली आणि ४२ दिवसांत तिने १२६ विमानं पाडल्याचा दावा केला. पुढच्या तपासणीत हा आकडा बराच उतरला, तरी हरिकेन उडवणाऱ्या सगळ्या स्क्वाड्रनमध्ये ती आघाडीवरच राहिली. तिच्यातला झेक वैमानिक जोसेफ फ्रांटिशेक १७ विमानं पाडून ८ ऑक्टोबरला अपघातात मेला.

आणि डाउडिंग? नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पार्क यांनाही हलवलं. पाच-पाच स्क्वाड्रन एकत्र जमवून मगच हल्ला करावा असं मानणाऱ्या गटाची सरशी झाली, जरी त्या जमवाजमवीत जाणारी मिनिटं हीच या लढाईतली सर्वांत महाग वस्तू होती. १९४१ साली सरकारने लढाईची अधिकृत पुस्तिका काढली, ती लाखोंनी खपली. तिच्यात डाउडिंग यांचं नाव नव्हतं. त्यांचा स्वतःचा मुलगा डेरेक त्याच उन्हाळ्यात ७४ स्क्वाड्रनमधून स्पिटफायर उडवत होता. ज्या नकाशावर वडील स्क्वाड्रन मोजत, त्यातल्या एकीत मुलगा होता. डाउडिंग यांच्यावर झालेला अन्याय मला आजही बोचतो, आणि इतिहासाने तो नंतर दुरुस्त केला म्हणून कमी होत नाही.

दरवर्षी हजारो मराठी माणसं लंडनला जातात आणि वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून बोटीत बसतात. तिथून पायी काही मिनिटांवर, थेम्सच्या काठच्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर, २००५ साली उभारलेलं या लढाईचं स्मारक आहे. तिथे प्रत्येक वैमानिकाचं नाव त्याच्या देशाखाली कोरलंय. गेलात तर थोडा वेळ काढा, आणि वाचायला सुरुवात पोलंडच्या नावांपासून करा.